सकाळचं सॉकेट, दुपारचा स्टंप: प्रकल्प नोंदी

4 जून

काम दोन कृत्रिम पायांचं. दोन्ही गुडघ्याखालचे. स्टंप म्हणजे कापल्यावर उरलेला पाय, सॉकेट म्हणजे तो ज्यात बसतो तो कृत्रिम पायाचा वरचा भाग. नावांऐवजी अ आणि ब लिहितो.

अ: स्टंप सहा वर्षांचा, नडगीची उरलेली लांबी 14 सेंमी, वजन 72 किलो. 6 मिमी सिलिकॉन लायनर (स्टंपावर चढवायचं मऊ आवरण), तळाला पिन-लॉक (लायनरची खाचांची पिन सॉकेटच्या तळाशी टिकटिक करत अडकते). तक्रार: सकाळी पाय छान बसतो, दुपारी दोन-तीननंतर नडगीच्या टोकाला आग होते.

ब: शस्त्रक्रियेला नऊ महिने. पिन नाही, कुशन लायनर, बाहेरून गुडघ्यावर स्लीव्ह (घट्ट बाही) आणि सॉकेटच्या तळाशी हवा बाहेर टाकणारा एकमार्गी व्हॉल्व्ह. तक्रार: पाय काढल्यावर स्टंपचं टोक सुजलेलं आणि काळपट-लाल दिसतं.

दोघांकडेही याआधी "जिथे लागतं तिथे घासा" हा एकच उपाय झालेला आहे. अच्या सॉकेटमध्ये नडगीच्या टोकापाशी आतून इतकं खरवडलंय की भिंत 2 मिमी उरली आहे. मोजमाप हातात येईपर्यंत कानस बाजूला. नवीन साचाही घ्यायचा नाही.

5 जून

मोजण्याची पद्धत आधी पक्की केली, नाहीतर पुढचे सगळे आकडे एकमेकांशी भांडतील.

शून्य रेषा: गुडघ्याच्या वाटीखालच्या कंडरेचा मध्य (वाटीचं खालचं टोक आणि नडगीवरचा उंचवटा यांच्या बरोबर मध्ये). तिथून खाली दर 3 सेंमीला न पुसणाऱ्या पेन्सिलीने खूण. पट्टी स्प्रिंगवाली, म्हणजे प्रत्येक वेळी ताण सारखा. पाय काढल्यापासून बरोबर 2 मिनिटांनी मोजायचं. बाहेरचा दाब गेला की स्टंप लगेच फुगायला लागतो. एकदा 1 मिनिटाने आणि एकदा 10 मिनिटांनी मोजलं तर आपण दिवसातला बदल मोजतोय की सूज, हेच कळत नाही. एकाच माणसाने लागोपाठ पाच वेळा मोजून पाहिलं, आकडा 2 मिमीच्या आत राहिला. म्हणून 3 मिमीपेक्षा कमी फरकावर आम्ही काहीच बोलणार नाही.

7 जून

अ, खूण 6 सेंमी: सकाळी 8 ला घेर 30.8, दुपारी 1 ला 30.4, संध्याकाळी 5 ला 30.1 सेंमी.

दिसायला 7 मिमी म्हणजे काहीच नाही. हिशेब केला की कळतं. घेर 7 मिमीने कमी म्हणजे त्रिज्या 1.1 मिमीने कमी, आणि त्या पातळीवरचं क्षेत्रफळ जवळजवळ साडेचार टक्क्यांनी कमी. आता सॉकेट म्हणजे खाली निमुळता होत जाणारा पेला. अच्या सॉकेटच्या भिंतीचा उतार सुमारे 10 अंश आहे. बाजूने 1.1 मिमी जागा मोकळी झाली की स्टंपाला पुन्हा भिंत गाठायला सहा मिलिमीटरहून थोडं जास्त खाली जावं लागतं.

पिनच्या टिकटिकींनी हेच सांगितलं. सकाळी उभं राहून वजन दिल्यावर 5 टिक, संध्याकाळी 7. या पिनच्या दोन खाचांमधलं अंतर 3 मिमी. म्हणजे 6 मिमी. पट्टीचा आणि पिनचा हिशेब इतका जुळेल असं वाटलं नव्हतं. उतार सगळीकडे सारखा नसतो, त्यामुळे थोडं नशीबही आहे.

तेव्हा दुपारी दुखणारं नडगीचं टोक हे सॉकेटच्या तळाला टेकणारं टोक आहे. तिथे खरवडून खड्डा केला की आठवडाभर बरं वाटतं, मग पाय आणखी खाली जातो.

10 जून

कातडीवरची लाली वाचण्याचा दिवस. अ ला 40 मिनिटं चालवून लगेच पाय काढला, खुणा पारदर्शक प्लास्टिकवर उतरवून घेतल्या.

पाय खोल गेला असेल तर: वाटीच्या खालच्या काठावर आडवी लाल रेघ, आणि नडगीच्या टोकावर लाल ठिपका. कंडरेला टेकण्यासाठी सॉकेटमध्ये जो उंबरा असतो, तो पाय खाली सरकल्याने वाटीवर येतो.
पाय पुरेसा खाली जात नसेल (लायनरवर चढवलेले मोजे जास्त, सूज, वजन वाढलेलं) तर: तोच उंबरा नडगीच्या उंचवट्यावर बसतो, लाली तिथे येते आणि तळाला पोकळी राहते.

दोन्ही वेळा माणूस "गुडघ्याखाली पुढे लागतं" असंच सांगतो. जागेत फरक जेमतेम काही सेंटिमीटरचा, उपाय मात्र एकदम उलट. एकात मोजा वाढवायचा, दुसऱ्यात काढायचा. म्हणून फोनवर सल्ला देणं बंद.

अ ला पहिला प्रकार. टोकावरची लाली 25 मिनिटं टिकली. भार पेलणाऱ्या जागी हलकी लाली यावी, ती दहा मिनिटांत गेली पाहिजे. हाडाच्या टोकावर वीस मिनिटांनंतरही लाली असेल तर पुढची पायरी फोड.

11 जून

मोज्यांची चाचणी. सकाळी 11 ला 1 प्लाय (प्लाय म्हणजे मोज्याच्या जाडीचं माप), दुपारी 2 ला तो काढून 3 प्लाय. टिक 5 वर परत आल्या, आग निम्म्याने कमी. पूर्ण गेली नाही, आणि फिब्युलाच्या डोक्यावर (गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूचं गोल हाड) नवीन लाली आली.

कारण सरळ आहे. दिवसभरात स्टंप आकसतो तो मऊ भागात: मागे पोटरीत, नडगीच्या दोन्ही बाजूंच्या स्नायूंत. हाड आकसत नाही. मोजा मात्र चारही बाजूंनी सारखाच जाड असतो. जिथे जागा झाली तिथेही भरतो आणि जिथे झाली नाही तिथेही.

दोन किरकोळ पण त्रासदायक गोष्टी. पिनसाठी मोज्याला भोक असतं, त्याची कड उसवली की धागा लॉकमध्ये जातो आणि बटण दाबून पाय सुटत नाही. शिलाई मारलेल्या भोकाचाच मोजा घ्यावा, कात्रीने भोक पाडू नये. दुसरं, वेगवेगळ्या कंपन्यांचे 3 प्लाय सारख्या जाडीचे नसतात. एकाच प्रकारचे मोजे ठेवावे, मिसळू नयेत.

14 जून

पॅड. पहिला प्रयत्न चुकलाच: मऊ फोमचा 3 मिमी पॅड नडगीच्या टोकासमोर लावून पाहिला. अर्ध्या तासात दुखणं वाढलं. मऊ असला तरी पॅड म्हणजे आतल्या बाजूला सरकलेली भिंत. त्याने दुखऱ्या जागेचा भार वाढतो.

दुसरा प्रयत्न: पॅड जिथे भार सोसतो तिथे.
- नडगीच्या वरच्या भागाची आतली, रुंद होत गेलेली बाजू: 3 मिमी.
- नडगीच्या धारेच्या बाहेरच्या अंगाला, स्नायूवर, धारेपासून 1 सेंमी सोडून उभी पट्टी: 3 मिमी, लांबी 8 सेंमी.
- मागे, गुडघ्याच्या खळगीखाली: 4 मिमी. दोन्ही बाजूंच्या कंडरांना मोकळी जागा राहील इतकाच रुंद.

साहित्य घट्ट ईव्हीए (फोमसारखं प्लास्टिक). कडा 15 मिमी रुंदीत शून्यापर्यंत तासल्या. कड उभी राहिली तर लायनरवरूनही वळ उठतो. आधी दुहेरी चिकटपट्टीने लावून एक दिवस चालवलं, मग गोंद.

संध्याकाळी टिक 6. टोकाची लाली 12 मिनिटांत गेली. फिब्युलाच्या डोक्याची लाली कमी, पण आहे.

जुन्या सॉकेटवर यापेक्षा जास्त काही होणार नाही. खरवडलेली जागा तशीच आहे. अ साठी नवीन साचा.

19 जून

आता ब. जरा घाई करावी लागली, कातडी टोकाला जाड आणि खरखरीत व्हायला लागली होती.

मातीच्या गोळीची चाचणी: 20 मिमी व्यासाची मऊ प्लास्टिसिनची गोळी लायनरच्या टोकाला, वर पातळ प्लास्टिक, पाय घालून दोन्ही पायांवर पाच मिनिटं उभं. गोळी 3–5 मिमीपर्यंत चपटी व्हायला हवी. बची 14 मिमी राहिली. म्हणजे तळाला 14 मिमी पोकळी.

वर सॉकेटचा काठ घट्ट, खाली पोकळी, आणि व्हॉल्व्हमुळे पोकळीत ओढ. वर गळा आवळलेला असल्याने शिरांतून रक्त परत जात नाही, खालच्या बाजूने ओढ लागते, टोकात पाणी साठतं. असंच चालू राहिलं तर कातडीवर चामखिळीसारखे उंचवटे येतात आणि त्यांच्या भेगांत संसर्ग होतो. "सॉकेट सैल वाटतं" म्हणून कोणी वर आणखी मोजा चढवला की गळा आणखी आवळतो. बने नेमकं तेच केलं होतं, दोन 3 प्लाय.

केलं ते: दोन्ही मोजे काढले. व्हॉल्व्ह बंद ठेवून नुसत्या स्लीव्हवर पाय. मागचा काठ 4 मिमीने बाहेर वळवला. तळाची पोकळी दोन भाग मिसळून जमणाऱ्या मऊ सिलिकॉनने भरली: लायनरवर प्लास्टिकची पातळ पिशवी, सॉकेटच्या तळात सिलिकॉन, पाय घालून वजन दिलं आणि जमेपर्यंत उभं ठेवलं. किती ओतायचं हे आधी पाण्याने मोजलं (65 मिली), नाहीतर जास्तीचं सिलिकॉन वर चढून भिंतीवर बसतं. कातडीसाठी डॉक्टरांकडे पाठवलं, ते आमचं काम नाही.

बचा स्टंप अजून बारीक होत जाणार; आकार स्थिरावायला साधारण वर्ष ते दीड वर्ष लागतं. आत्ता पक्कं सॉकेट केलं तर काही महिन्यांत टाकावं लागेल.

24 जून

अ चा साचा. सकाळी 8 ला घेतला असता तर सगळ्यात फुगलेल्या पायाचा आला असता. अ ला तासभर चालवून 11 ला घेतला.

लायनर घालून. घालताना तो पूर्ण उलटा करून टोक स्टंपाच्या टोकाला दाबून मग वर गुंडाळायचा. टोकाशी हवेचा बुडबुडा राहिला तर साचाही खोटा आणि वापरताना फोडही. लायनरवर पातळ प्लास्टिक, त्यावर खुणा: वाटी, कंडरा, उंचवटा, नडगीची धार आणि टोक, फिब्युलाचं डोकं आणि टोक, मागच्या कंडरा.

गुडघा 20 अंश वाकलेला, मांडीचे स्नायू सैल. आधी लवचिक प्लास्टर पट्टी, 10 सेंमी रुंद, खालून वर, हलक्या सारख्या ताणाने. त्यावर साधी प्लास्टर पट्टी दोन थर. जमताना बोटं एका जागी रुतवायची नाहीत, तळहात फिरवत राहायचं. वाटीखाली दोन्ही अंगठे खुपसायची सवय कंडरेवर भार देणाऱ्या जुन्या सॉकेटची (अमेरिकेतल्या बर्कलीत 1950 च्या दशकाच्या अखेरीस बसवलेली पद्धत). सगळ्या पृष्ठभागावर भार वाटायचा आणि जेल लायनर वापरायचा तर तो खोल उंबरा नको. हात मात्र सवयीने तिकडेच जातात, पहिला साचा त्यामुळेच फेकला.

26 जून

पॉझिटिव्ह (साच्यात प्लास्टर ओतून काढलेली स्टंपाची प्रतिकृती) तासला. घेराची घट: शून्य रेषेवर 3%, 6 सेंमीला 2.5%, 9 सेंमीला 2%, टोकाजवळ 1%. लांबी कमी केली नाही. वर जास्त घट आणि खाली कमी ठेवताना बची गोष्ट डोळ्यांसमोर होती, म्हणून 3% च्या वर गेलो नाही. अ चे स्नायू घट्ट आहेत. मऊ, लोंबत्या स्टंपाला याहून जास्त घट लागते.

घट गोल फिरवून काढली नाही. सगळी मागून आणि नडगीच्या दोन बाजूंच्या स्नायूंवरून. 11 जूनला मोज्याने जे शिकवलं ते इथे वापरलं. हाडांवर उलट प्लास्टर चढवलं: धारेवर 3 मिमी, फिब्युलाच्या डोक्यावर 4, नडगीच्या टोकावर 5.

1 जुलै

चाचणीसाठी पारदर्शक पीईटीजी प्लास्टिकचं सॉकेट. 12 मिमी पत्रा तापवून साच्यावर ओढला, आतून व्हॅक्यूम. दोन चुका. पत्रा ओलसर होता, बुडबुडे आले; आधी कमी तापमानावर वाळवायला हवा होता. आणि तळाच्या वळणावर जाडी 2.2 मिमी भरली. पत्रा जितका ओढला जातो तितका पातळ होतो आणि तळ सगळ्यात जास्त ओढला जातो. चालवायच्या सॉकेटला आम्ही 4 मिमी खालची मर्यादा धरतो. 15 मिमी पत्र्याने पुन्हा केलं, तळ 4.3. बाहेरून फायबरग्लास टेप गुंडाळूनच चालवणार.

3 जुलै

पारदर्शक सॉकेटमध्ये उभं करून पाहिलं. अ चा लायनर अर्धपारदर्शक, त्यातून आणि भिंतीतून कातडी पांढरी पडलेली थोडीफार दिसते, पण यावर पूर्ण विसंबू नये. मातीची गोळी 4 मिमी. टिक 5.

सहा जागी पातळ दाब-सेन्सर (गोल, भार घेणारा भाग सुमारे 13 मिमी, सोबत 10 किलोओमचा रोधक). हे सेन्सर वापरणाऱ्यांसाठी: वक्र भिंतीवर चिकटवताच ते भार नसतानाही आकडा दाखवतात. सतत दाबाखाली आकडा आपोआप चढत जातो. दाब वाढताना आणि उतरताना वेगळं वाचन येतं. घासणारा, कातडी ओढणारा ताण तर ते मोजतच नाहीत, आणि फोड बहुतेक त्यानेच येतात. म्हणून आकडे किलोपास्कलमध्ये लिहिलेच नाहीत. सेन्सर न हलवता त्याच दिवशीची तुलना एवढाच उपयोग.

सकाळी नडगीच्या टोकाचं वाचन 100 धरलं तर दुपारी 3 ला नवीन सॉकेटमध्ये 138. जुन्यात तशाच चाचणीत 170 होतं. बरं झालंय, पुरेसं नाही.

9 जुलै

फिब्युलाच्या डोक्याची लाली जात नव्हती. तापवून तिथे फुगवटा द्यायला हीट गन हातात घेतली होती. त्याआधी मागून चालताना पाहिलं. कृत्रिम पाऊल सॉकेटच्या मानाने बाहेर होतं. पाऊल बाहेर असलं की पाय टेकताना सॉकेट वरच्या बाजूने आत झुकू पाहतं आणि त्याची बाहेरची भिंत वर फिब्युलाच्या डोक्यावर, आतली भिंत खाली टोकाशी रुतते. पाऊल फार आत असेल तर उलट: वर आतल्या बाजूला आणि खाली बाहेरच्या बाजूला.

पाऊल 6 मिमी आत घेतलं. वीस मिनिटं चालून लाली नाही. सॉकेटला हात लावला नाही.

पुढे-मागेही हेच. टाच टेकताना भार नडगीच्या टोकावर पुढे आणि मागे वर. चवड्यावरून सुटताना वाटीखाली पुढे आणि मागे खाली. अ ची टाच कडक होती, मऊ टाचेचं पाऊल लावल्यावर टोकाचं वाचन दुपारी 138 वरून 126. हे आधी करायला हवं होतं.

16 जुलै

उरलेल्या दुपारच्या फरकासाठी आकार बदलणारी पट्टी. मागच्या भिंतीत पोटरीवर 7 × 9 सेंमी खिडकी, त्यात हलणारी पट्टी, बाहेरून स्टीलची बारीक दोरी आणि फिरवायची चकती.

इथे बिघडतं ते खिडकीच्या फटीत. पट्टी आत दाबली की फटीतून मांस बाहेर येतं आणि तिथेच सूज, चिमटा. म्हणून पट्टीला आतून चारही बाजूंनी 15 मिमी पुढे आलेली 1 मिमी पॉलिप्रॉपिलीनची जीभ लावली. कोपरे गोल, किमान 12 मिमी त्रिज्या. चौकोनी कोपऱ्यापासून तडा सुरू होतो.

दोरीला गाठ मारून पट्टीची चाल 5 मिमीवर थांबवली. अ ला विचारलं तर हवी तितकी घट्ट करायची सोय हवी होती. दिली नाही. घट्ट बरं वाटतं, आणि तासाभराने बधिर होतं.

22 जुलै

पक्कं सॉकेट. साच्यावर आतली पीव्हीए (प्लास्टिक) पिशवी, दोन थर सुती-नायलॉन स्टॉकिनेट (विणलेली नळी), कार्बनची वीण दोन थर, तळाच्या जोडावर जास्तीचे चार तुकडे, वर पुन्हा स्टॉकिनेट, बाहेरची पिशवी, दोन्हीकडून व्हॅक्यूम. ॲक्रिलिक रेझिन, हार्डनर 2.5%. खिडकीच्या चौकटीवर कार्बनची एक पट्टी जास्त, कारण भोक पाडल्यावर भार तिथूनच फिरून जातो. मागे वर एक कोरडा डाग राहिला, रेझिन खाली ओढताना घाई झाली. काठाबाहेरचा भाग असल्याने कापला गेला.

जोडीने एक सॉकेट 3D प्रिंटरवर थर चढवून छापूनही पाहिलं होतं, 6 मिमी भिंत, उभं ठेवून. वाकवून भार दिल्यावर तळाच्या जोडाच्या वर आडवं उकललं, अगदी थराच्या रेषेत. उभं छापलं की थर पायाच्या लांबीला आडवे येतात आणि चालताना वाकण्याचा ताण त्यांनाच सोलतो. मापासाठी छापील ठीक, चालायला नाही. आयएसओ 10328 (कृत्रिम पायांच्या मजबुतीच्या चाचण्यांचं आंतरराष्ट्रीय मानक) मधली आवर्ती चाचणी 30 लाख फेऱ्यांची आहे. आमच्या नमुन्याने काही हजारही पाहिल्या नाहीत.

30 जुलै

घाम. लायनर उष्णता बाहेर जाऊ देत नाही, दुपारी आत पाणी साठून लायनरच घसरतो आणि टिकांचा हिशेब बिघडतो. दुपारी एकदा लायनर काढून स्टंप आणि लायनर दोन्ही पुसणं, रात्री सौम्य साबणाने धुवून पूर्ण खळखळवणं. साबण राहिला तर पुरळ. पावडर नको, ओली झाली की गोळ्या होतात.

8 ऑगस्ट

अ, नऊ दिवसांच्या वापरानंतर. सकाळी 5 टिक, दुपारी चकती तीन खटके, संध्याकाळी 5 टिक. टोकाचं वाचन 100 वरून 109. लाली 8 मिनिटांत जाते. घेर मात्र अजूनही संध्याकाळी 30.2, म्हणजे पाय पूर्वीइतकाच आकसतो.

अ ला लिहून दिलेलं: टिक 6 झाली की चकती एक-दोन खटके. चकती पूर्ण फिरवूनही टिक 7 असेल तर 1 प्लाय. बसल्यावर चकती सोडायची. सकाळी सोडूनच घालायची. टिक 4 वर अडली तर पाय सुजला आहे, जोर करून घालायचा नाही.

ब: तळाची गोळी 4 मिमी, टोकाची सूज उतरली, खरखरीतपणा कमी. व्हॉल्व्ह अजून बंदच. 9 सेंमीच्या खुणेवर घेर जूनपेक्षा 11 मिमीने कमी झालाय, त्यामुळे ओतलेलं सिलिकॉनही आता सैल पडायला लागेल. पुढचं माप 22 ऑगस्टला, सकाळ-संध्याकाळ दोन्ही.